बैल आधी की गाडी आधी?

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही घर घेतलं. चाकांवरचं! तेवीस फूट लांब, आत एक डबल बेड, उघडला की पलंग होणारा सोफा, गॅसची शेगडी, फ्रीज आणि (ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट) स्वतःचं संडास-बाथरूम. इथे याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. डेन्व्हरजवळच्या एका रिटायर्ड आजी-आजोबांनी विकायला काढला होता, किंमत बरी वाटली, घेऊन टाकला. तो ओढायचा कशाने, हा प्रश्न चेक दिल्यावर पडला. आमच्याकडे तेव्हा एक सेडान होती. म्हणजे गाडी दारात, आणि बैल अजून बाजारात.

ट्रेलर कशासाठी, हे आधी सांगतो. अप्पा, म्हणजे माझे वडील, एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. पसरणी, आंबेनळी, कुंभार्ली हे घाट त्यांना आमच्या वाड्याच्या जिन्यासारखे पाठ. महिन्यातले कितीतरी दिवस त्यांची मुक्कामी गाडी असायची. रात्री शेवटच्या गावात पोचायचं, गाडीतच पथारी टाकायची आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत. जन्मभर त्यांनी लोकांना फिरवलं, पण स्वतः प्रवासी म्हणून कुठे गेलेले मला आठवत नाहीत. जूनमध्ये ते आणि आई पहिल्यांदा अमेरिकेत येणार होते. आता अप्पांना डायबेटिस आहे, तासातासाला थांबावं लागतं, त्यामुळे लांबचा प्रवास म्हटला की तेच नको म्हणतात. म्हटलं, यंदा मुक्कामी गाडी आपण काढू. पण पलंगासकट.

तर आता ट्रक. आम्ही इंजिनियर माणसं, म्हणजे पहिलं काम एक्सेल शीट. ओळींत फोर्ड, शेवरोले, रॅम, टोयोटा. रकान्यांत इंजिन, मायलेज, किंमत, आणि सगळ्यात डावीकडे ठळक अक्षरांत टोइंग कपॅसिटी. आमच्या ट्रेलरचं रिकामं वजन ५,२०० पौंड आणि भरून जास्तीत जास्त ६,८००. कंपनीने एवढीच मर्यादा घालून दिलेली. आणि पिकअपवाले जाहिरातीत दहा, अकरा, तेरा हजार पौंड म्हणतात. मग अडचण कसली? सोपा प्रश्न आहे, मी म्हटलं. (माझ्या करिअरमधले सगळे मोठे घोळ याच वाक्याने सुरू झालेले आहेत.)

एक गोष्ट मात्र मी तेव्हाही नीट पाहिली होती, ती म्हणजे उंची. डेन्व्हरच मुळात मैलभर उंचावर, आणि पश्चिमेला निघालं की आय-७० हायवे आयझेनहॉवर बोगद्यातून जातो. तो ११,१५८ फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते, कारण हवाच विरळ. बोगद्यापाशी पोचेपर्यंत एकतृतीयांश घोडे वाटेत उतरून गेलेले असतात. टर्बो इंजिन हवा दाबून आत घेतं, म्हणून त्याचं एवढं नुकसान होत नाही. तेव्हा टर्बो घ्यायचं हे ठरलं.

एका शनिवारी शोरूममध्ये तो ट्रक दिसला. गडद निळा, वर भलंमोठं काचेचं छप्पर, थंड-गरम होणाऱ्या लेदरच्या सीटा, दार उघडलं की आपोआप खाली येणारी पायरी. आईला चढायला किती सोयीची, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "आईंना की तुला?" टोइंग कपॅसिटी ११,००० पौंड. सेल्समनला मी ट्रेलरचं वजन सांगितलं तर तो हसला. म्हणाला, मागे ट्रेलर आहे हे तुम्ही विसरून जाल. मी ५०० डॉलर डिपॉझिट भरून आलो.

रविवारी सकाळी घरी फोन. मी अप्पांना सगळे आकडे ऐकवले. पाच टन ओढतो म्हटल्यावर त्यांना कौतुक वाटेल अशी अपेक्षा होती. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "वढंल रं. वढायला काय, ट्रॅक्टर बी वढतोय. उतरताना थांबतंय का ते इचार. आन् धुरंवर किती वजन येतंय?"

धुरेवर?

"तुझ्या आज्याची बैलगाडी बघितलीस न्हवं? माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ व्हायची, बैलांच्या मानंवरनं जू वर उचलायचं. पुढं जास्त झाला की बैलं खाली बसायची. तुझ्या ह्या गाडीचं काय हाय?"

फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. त्या दिवशी दुपारचं जेवण संध्याकाळी झालं.

झालं होतं असं की मी चुकीचा रकाना ठळक केला होता. ट्रेलर हा नुसता ओढायचा नसतो, त्याचा काही भार ट्रकच्या पाठीवर बसतो. ट्रेलरची जीभ जिथे ट्रकच्या हुकावर टेकते तिथल्या वजनाला टंग वेट म्हणतात, आणि ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असायला लागतं. त्याहून कमी असलं तर गाडी उलाळ झाली! जू वर उचलत नाही, पण हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलायला लागतो, आणि एकदा त्याने झोका घेतला की तो ट्रकलाही घेऊन जातो. म्हणून पुढे वजन हवंच. पण ते वजन ट्रकच्या पेलोडमधून वजा होतं. पेलोड म्हणजे ट्रक स्वतःच्या अंगावर किती घेऊ शकतो तो आकडा. माणसं, सामान, हुक आणि ट्रेलरची जीभ, सगळं त्यात.

मग हिशोब मांडला. ट्रेलर सामानासकट ६,३०० पौंड धरला. त्याचे १३ टक्के, म्हणजे जिभेवर सुमारे ८२०. माणसं चार, मी १६५, बायको १२५ (हा आकडा तिच्या परवानगीने), आई १४०, अप्पा १७५, म्हणजे ६०५. वजन वाटून देणारा जो खास हुक लागतो तो ९०. मागच्या हौद्यात जनरेटर, कूलर, खुर्च्या, हत्यारं मिळून २००. बेरीज १,७१५.

सोमवारी ऑफिसातून परस्पर शोरूमला गेलो. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळं-पांढरं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर जाऊ नका, असं त्यावर छापलेलं असतं. हा आकडा जाहिरातीतला नाही, त्या विशिष्ट ट्रकचा. निळ्या ट्रकवर आकडा होता १,४८०.

म्हणजे ओढण्याच्या क्षमतेत ४,७०० पौंड शिल्लक, आणि पाठीवर २३५ पौंड जास्त! आमच्या भाषेत सांगायचं तर सीपीयू निम्मा रिकामा, पण मेमरी फुल. असा सर्व्हर पडला तर आम्ही रात्री दोनला उठून रीस्टार्ट करतो. इथे मागच्या सीटवर आई-अप्पा बसणार होते.

बरं, कंपनी खोटं बोलते असंही नाही. पूर्वी जो तो आपापल्या पद्धतीने हे आकडे काढायचा. नंतर एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ नावाचं मानक आलं. टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलपासून घेतलं, आणि फोर्ड, जीएम, रॅम यांचे नेहमीचे पिकअप २०१५ च्या मॉडेलपर्यंत त्यात आले. परीक्षा चांगली कडक आहे. ॲरिझोनात डेव्हिस धरणापासून निघणारा ११.४ मैलांचा चढ, भर उन्हाळ्याच्या तापमानात, एसी पूर्ण चालू, आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. पण या परीक्षेत ट्रकमध्ये माणसं दोन, प्रत्येकी १५० पौंडांची, आणि सामान जवळजवळ नाहीच. म्हणजे नवरा-बायको, सडपातळ, डबा न घेता निघालेले. आपल्याकडे असा प्रवास कोण करतं? आईने नुसत्या लोणच्याच्या बरण्यांचीच एक बॅग भरली होती.

आणि दुसरी गंमत. ते काचेचं छप्पर, ती आपोआप उतरणारी पायरी, त्या सीटांच्या मोटारी, या सगळ्यालाही वजन असतं आणि तेही पेलोडमधूनच जातं. म्हणून एकाच मॉडेलच्या महागड्या ट्रकचा पेलोड पुष्कळदा साध्यापेक्षा कमी असतो. जास्त पैसे देऊन आपण कमी उचलणारा बैल घेतो, फक्त त्याची झूल भारी.

आता पर्याय तीन. पहिला, सरळ थ्री-क्वार्टर टन ट्रक घ्यायचा. (हाफ टन, थ्री-क्वार्टर टन ही नावं जुन्या काळच्या पेलोडवरून आली, आज त्यांचा वजनाशी संबंध फक्त नावापुरता.) तो सगळं उचलेल, पण रोज ऑफिसला एकटा माणूस घेऊन जायला ते हत्ती पोसणं होतं. शिवाय आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये तो उंचीला बसत नव्हता. आणि माझा एच-वन. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची किंवा सामान आवरायचं. अशा माणसाने किती मोठं कर्ज घ्यावं? दुसरा पर्याय, ट्रेलर विकून लहान घ्यायचा. पण लहान ट्रेलरमधला संडास म्हणजे कपाटात उभं राहिल्यासारखं, आणि अप्पांचे गुडघे. तिसरा, त्याच जातीचा साधा ट्रक शोधायचा. कापडी सीटा, पत्र्याचं छप्पर, दारावरचा आकडा मोठा.

डिपॉझिट सोडून द्यायला मला आठवडा लागला. खोटं कशाला बोलू, मी स्वतःशी घासाघीस करत होतो. जनरेटर नको नेऊया, २३५ पौंड म्हणजे काय, एका पोत्याएवढं तर वजन, सगळेच लोक जास्त भरतात. शेवटी बायको म्हणाली, "अप्पांना फोन करून सांग ना, जरा जास्त होतंय पण चालेल म्हणून." मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी डीलरला नाही म्हणून सांगितलं. ५०० पैकी ४०० परत मिळाले.

पुढचे तीन वीकांत मी डेन्व्हरभर अनोळखी ट्रकांची दारं उघडत फिरलो. १,५६०, १,६२०, १,७१०. शेवटी तीन वर्षं जुना, पांढरा, कंत्राटदार वापरतात तसला एक ट्रक मिळाला. तेच टर्बो इंजिन, आणि स्टिकरवर १,८६०. फार नाही, १४५ पौंड शिल्लक. पाण्याची टाकी मात्र रिकामी ठेवून निघायचं ठरलं. चाळीस गॅलन पाणी म्हणजेच सव्वातीनशे पौंडांच्या वर जातं, ते मुक्कामाला पोचल्यावर भरता येतं.

जूनमध्ये आई-अप्पा आले. निघायच्या दिवशी आधी ट्रक-स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गेलो. मोठमोठ्या अठरा चाकी ट्रकांच्या रांगेत आमची वरात. या काट्याला वेगवेगळ्या प्लेटा असतात, त्यामुळे पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांचं वजन वेगवेगळं कळतं. चिठ्ठी आली. ट्रकच्या दोन ॲक्सलांवर मिळून ६,८०० (मर्यादा ७,०५०), ट्रेलरच्या चाकांवर ५,५८०. माझ्या एक्सेल शीटचं आयुष्यात पहिल्यांदाच प्रॉडक्शनशी जुळलं. अप्पांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. एसटीत असताना कागद ठेवायचे तशी.

बोगद्याच्या पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत लांबलचक उतार आहे, सात टक्क्यांपर्यंतचा. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला वाळूचे चढ करून ठेवलेत, तेवढ्यावरून ओळखा. मी टो-हॉल मोड लावला होता, त्यामुळे गिअर खालीच राहत होता आणि इंजिनच गाडी धरून ठेवत होतं. अप्पा शेजारी बसले होते. त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर घट्ट दाबलेला, जिथे त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता. मी अधूनमधून ब्रेक दाबून सोडत होतो, ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक त्याच वेळी लागताना जाणवत होते. मागे आई आणि बायको काहीतरी बोलत होत्या. त्यांना काहीच कळलं नाही, आणि कळू नये एवढीच माझी इच्छा होती.

खाली पोचल्यावर पेट्रोल भरायला थांबलो. अप्पा उतरले, ट्रेलरच्या एकेका चाकाला हात लावून पाहिला. ब्रेक तापलेत का ते बघत होते. मग मला म्हणाले, "गार हाय." आणि ट्रेलरचं दार उघडून आत बाथरूमला गेले.

रात्री मोॲबजवळ मुक्काम केला. आईने चहा टाकला. अप्पांनी पलंगावर आडवं होऊन छताकडे पाहिलं आणि विचारलं, "पहाटं कितीला सोडायची?" त्यांना सांगितलं, अप्पा, उद्या फेरी नाही.

असो. तुमच्यापैकी कोणी ट्रक घ्यायच्या विचारात असलात तर इंजिन, रंग, जाहिरात सगळं नंतर. आधी दार उघडा आणि स्टिकर वाचा. घरातल्या माणसांची खरी वजनं लिहून ठेवा, लोणच्यासकट. आणि शक्य असेल तर ट्रेलरच्या आधी ट्रक बघा. बैल आधी, गाडी नंतर. आमचं उलटं झालं, तरी निभावलं.