धूळपाटी आणि सूत

शिक्षकानें बोलावें व मुलांनीं ऐकावें, ही शिस्त आम्हांस आमच्या गुरुजनांकडून मिळाली आणि पुष्कळ वर्षें आम्हीं ती निष्ठेनें पाळिली. तिला तडा कसा गेला, तें येथें नमूद करण्याचा विचार आहे.

इ. स. १७८९ मध्यें अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकानें मद्रास येथील लष्करी अनाथालयाची देखरेख पत्करली. एके सकाळीं घोड्यावरून जात असतां एका देशी शाळेंत मुलें वाळूंत बोटांनीं अक्षरें गिरवीत आहेत, असें त्यांस दिसलें. आपल्याकडील पंतोजींच्या धूळपाटीचाच तो प्रकार. ती युक्ति आपल्या शाळेंत आणावी असें बेलसाहेबांच्या मनानें घेतलें. परंतु हाताखालच्या शिक्षकांस तें रुचेना. तेव्हां त्यांनीं जॉन फ्रिस्केन नांवाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे अक्षरओळखीचा वर्ग सोंपविला. साध्या शिपायाचा तो मुलगा. पण मोठ्यांस न साधलेलें त्यास साधलें. १७९७ मध्यें ही हकीकत लंडन येथें छापली गेली आणि पुढें 'मद्रास पद्धति' या नांवानें ती इंग्लंडांत गाजली.

ही कथा आम्हीं परीक्षेकरितां पाठ केली होती. गुणहि मिळविले होते. तिचा अर्थ मात्र फार उशिरां कळला.

आमच्या सहावीच्या वर्गांत एका सुताराचा मुलगा होता. अपूर्णांकांची बेरीज त्याला कांहीं केल्या येईना. तीन छेद आठ अधिक एक छेद चार किती, असें विचारलें कीं तो वरचे आकडे वर व खालचे खालीं मिळवून "चार छेद बारा" असें सांगे. वर्ग हंसे; आम्हीहि हंसत असूं. एके दिवशीं तर आम्हीं त्याला तासभर उभा केला आणि गणित तुझ्या नशिबीं नाहीं, असेंहि बोलून गेलों.

पुढें शाळेच्या बाकांची दुरुस्ती निघाली व तें काम त्याच्या वडिलांसच मिळालें. मधल्या सुटींत फळी धरून तो माप सांगत होता, तें आमच्या कानीं पडलें : "बाबा, तीन सूत आणि वर पाव इंच, म्हणजे पांच सूत." आम्ही जागच्या जागीं थबकलों. इंचाचे आठ भाग, त्यांतील एक म्हणजे सूत. पाव इंच म्हणजे दोन सूत. जें आम्ही वर्षभर फळ्यावर शिकवूं पाहत होतों, तेंच हें पोर तोंडीं करीत होतें!

दुसऱ्या दिवशीं खडू त्याच्या हातीं देऊन आम्ही शेवटच्या बाकावर जाऊन बसलों. समच्छेद हा शब्द न उच्चारतां त्यानें समच्छेद शिकविला : "मापं वेगळी असली तर आधी सगळं सुतांत आणा, मग मिळवा." गलबला झाला, शेजारच्या वर्गांतून तक्रार आली. परंतु आम्हांस कधींहि प्रश्न न विचारणारीं मुलें त्याला निःसंकोच विचारीत होतीं.

तास संपतांना आम्हीं सर्वांसमक्ष त्याची क्षमा मागितली. तो लाजून म्हणाला, "सर, मला वाटलं, सूत म्हणजे गणित नव्हे." हे शब्द आमच्या जिव्हारीं लागले. घरचें ज्ञान हें ज्ञानच नव्हे, अशी त्याची समजूत आमच्याच वर्गांत झाली होती.

बेलसाहेबांची पद्धति पुढें शेंकडों मुलांस अल्प खर्चांत शिकविण्याचें यंत्र बनली व तिच्यांतील जिवंतपणा ओसरला. यास्तव रोज खडू मुलांच्या हातीं देण्याचा नियम आम्हीं केलेला नाहीं. मात्र चुकीचें उत्तर आलें म्हणजे आतां आम्ही हंसत नाहीं, "बाळ, घरीं हें कसें मोजतां?" असें विचारतों. आमच्या विद्यार्थ्यांनींहि तें सांगण्यास संकोचूं नये, एवढीच विनंति.