हात सुटला तर?

मागच्या वर्षी जुलैत लेक शाळेतून आली ती एकदम खुशीत. तेव्हा ती तिसरीत होती. दप्तर सोफ्यावर टाकलं आणि म्हणाली, "आई, आज आमची मॉक ड्रिल झाली. फर्स्ट क्लास! मॅमनी फोटोपण काढले."

"मग काय काय केलंत?"

"घंटा वाजली, रांग केली, ग्राउंडवर गेलो. आधीच सांगितलं होतं ना, म्हणून कोणी डबा उघडलाच नव्हता."

मी सहज विचारलं, "आणि त्या जिन्यातच धूर असला तर गं?"

"दुसरा जिना आहे की. पण तो बंद असतो. तिथे तुटकी बाकं ठेवलीयेत."

एवढं बोलून ती पोहे मागायला स्वयंपाकघरात पळाली. मी मात्र तिथेच बसून राहिले.

मी बीई झाले, गेली बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. नोकरीच्या सुरुवातीलाच एक धडा मिळाला होता. आमच्याकडे रोज रात्री डेटाचा बॅकअप व्हायचा, सकाळी अहवालात हिरवी खूण यायची आणि सगळे निश्चिंत असायचे. एके दिवशी खरंच डेटा गेला, तेव्हा कळलं की तो बॅकअप परत उतरवून कोणी कधी पाहिलाच नव्हता. तो उतरेना. दीड दिवस आम्ही डोक्याला हात लावून बसलो होतो. लेकीच्या शाळेतली ड्रिल मला तशीच हिरवी खूण वाटली.

रात्री हे आत्याला सांगितलं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आमच्याकडेच राहते. उशाशी तिचा इनहेलर असतो, आणि थंडीत ती संध्याकाळनंतर बाहेर पडत नाही. तिच्या छातीत गॅस आहे, एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. भोपाळमधल्या किती घरांत हे वाक्य असंच सहज म्हटलं जातं! पण त्या रात्री नक्की काय झालं, ते तिने मला पहिल्यांदाच सांगितलं.

२ डिसेंबर १९८४, रविवार. आजोबा रेल्वेत, घर स्टेशनजवळच्या रेल्वे कॉलनीत. आत्या अकरा वर्षांची, बाबा एकोणीस. सोमवारची शाळा म्हणून दप्तर भरून दाराशी ठेवलेलं. मध्यरात्रीनंतर खोकल्याने सगळ्यांना जाग आली. कोणीतरी मिरच्या जाळतंय असं वाटलं. बाहेर लोक पळत होते, म्हणून हेही पळाले. बाबांनी आत्याचा हात घट्ट धरला होता. बजरियाच्या गर्दीत तो सुटला.

तिसऱ्या दिवशी ती हमीदिया रुग्णालयाच्या व्हरांड्यात सापडली. डोळ्यांवर पट्टी होती. बाबांचा आवाज ऐकून तिने हाक मारली, म्हणून सापडली.

"तुझ्या बाबाने जन्मभर स्वतःला दोष दिला," आत्या म्हणाली. "पण मी काही हात सुटला म्हणून हरवले नाही. एवढ्या गर्दीत हात सुटणारच. कुठे भेटायचं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून हरवले."

आपल्या पिढीने त्या रात्रीचे आकडे ऐकलेले असतात. युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला, हजारो माणसं गेली, पाच लाखांहून अधिक लोकांना बाधा झाली. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट छळते. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत राहिला. म्हणजे जितकं मूल लहान, तितका त्याला त्रास जास्त. धावल्याने श्वास वाढला आणि वायू आणखी आत गेला. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते, म्हणून नाकातोंडावर ओलं फडकं धरून वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघून जाणं, एवढं जरी वस्त्यांना माहीत असतं तरी कितीतरी फरक पडला असता. कारखान्याचा बाहेरचा भोंगा सुरुवातीला थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. तो पुन्हा सलग वाजू लागला, तोवर लोक रस्त्यावर आलेलेच होते. आणि वाजला तरी त्याचा अर्थ काय, वाजल्यावर काय करायचं, हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. राजकुमार केसवानींसारखा पत्रकार १९८२पासून धोक्याबद्दल लिहीत होता, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

'द रेल्वे मेन' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. त्याच रात्री भोपाळ स्टेशनवर गुलाम दस्तगीर यांनी फलाटावर उभी असलेली गाडी वेळेआधीच सोडून दिली आणि आजूबाजूच्या स्टेशनांना गाड्या इकडे पाठवू नका म्हणून कळवलं. रेल्वेत कोणाला काय कळवायचं याची घडी बसलेली होती. धाडस त्यांचं स्वतःचं. पण त्या धाडसाला वाट मिळाली ती त्या घडीमुळे.

हे सगळं मनात घेऊन मी पालकसभेत गेले. प्राचार्य मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. त्यांनी कपाटातून फाइल काढून दाखवली. शाळेचा सुरक्षा आराखडा, अग्निशामक नळकांड्यांच्या तारखा, शिक्षकांच्या जबाबदाऱ्या, सगळं जागच्या जागी. असायलाच हवं होतं. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्यानंतर २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुरक्षित शाळा हा मुलाच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. २०१६मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शाळांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. म्हणजे कागद आहेत. पण कपाटातली फाइल तिसरीतल्या मुलीला माहीत नसते. तिला माहीत असतात ती जिन्यातली तुटकी बाकं.

मी न सांगता ड्रिल घ्या म्हटलं, तर पालकांच्या ग्रुपवर गदारोळ झाला. "मुलं घाबरतील." "भोपाळमध्ये राहून पुन्हा पुन्हा तेच कशाला?" एकाने तर लिहिलं, "मॅडम, ४० साल हो गए।"

खरंच किती झाली? १ जानेवारी २०२५च्या रात्री त्याच कारखान्यातला ३३७ टन कचरा १२ कंटेनरांत भरून पीथमपूरला नेला. रस्ते मोकळे केले होते. ताफ्याबरोबर पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन दल. मला ते पाहून बरं वाटलं, अशीच काळजी घ्यायला हवी. पण मनात आलं, जेवढी तयारी त्या कचऱ्यासाठी केली, तिच्या दहावा हिस्सा तरी रोज शाळेत जाणाऱ्या पोरांसाठी आहे का? आणि गोष्ट जुनी म्हणावी तर २०२२च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याच शहरात, ईदगाह हिल्सच्या बाजूला, पाणी शुद्ध करण्यासाठी ठेवलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला होता. क्लोरीनही हवेपेक्षा जडच.

मुलं घाबरतील, या म्हणण्याचाही मी विचार केला. जपानमध्ये कामाइशी नावाचं किनाऱ्यावरचं शहर आहे. तिथल्या मुलांना तोशिताका कातादा नावाचे प्राध्यापक काही वर्षं शिकवत होते की ठरलेल्या नकाशावरही डोळे झाकून विसंबू नका. ११ मार्च २०११ला भूकंप झाला तेव्हा मोठी मुलं लहानांचे हात धरून निघाली. ठरलेली जागा पुरेशी सुरक्षित वाटेना, म्हणून आणखी वर चढली. शहरातली जवळजवळ ३,००० शाळकरी मुलं त्सुनामीतून वाचली. त्या मुलांना भीती वाटली नसेल असं नाही. पण भीती वाटल्यावर पाय कुठे न्यायचे, ते त्यांना माहीत होतं.

पुढच्या सभेला आत्या स्वतःहून आली. दोन जिने चढताना तीनदा थांबली. भाषण वगैरे केलं नाही. मॅडमना एवढंच विचारलं, "बाई, मुलं पांगली तर त्यांनी कुठे भेटायचं, हे त्यांना माहीत आहे का?" मग आपली गोष्ट चार वाक्यांत सांगितली. मॅडमनी वही उघडून लिहून घेतलं. "४० साल" लिहिणारे गृहस्थ नंतर खाली येऊन आत्याला गाडीपर्यंत सोडून गेले. त्यांची आजीही त्याच रात्री गेली होती, हे त्यांनी तेव्हा सांगितलं.

ऑगस्टच्या शेवटी पहिली खरी ड्रिल झाली. मैदान रिकामं व्हायचं नव्हतं, भरायचं होतं, आणि त्याला जवळजवळ नऊ मिनिटं लागली. हजेरी घेतली तर दोन मुलं कमी. ती संगीताच्या खोलीत होती, तिथे घंटा ऐकूच येत नव्हती. पायाला प्लास्टर असलेला पाचवीतला मुलगा दुसऱ्या मजल्यावरच राहिला, कारण त्याला कोणी आणायचं ते ठरलं नव्हतं. मागच्या फाटकाची किल्ली चौकीदाराकडे, आणि चौकीदार जेवायला गेलेला. शिक्षकांचे चेहरे पडले होते. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा हायसं वाटलं. या चार गोष्टी खऱ्या आगीत कळल्या असत्या तर?

बाकं हलली. संगीताच्या खोलीत घंटा बसली. किल्लीची जोडकिल्ली कार्यालयात टांगली. प्रत्येक वर्गाची मैदानावरची जागा झाडांच्या खुणेने ठरली. नोव्हेंबरच्या ड्रिलला साडेपाच मिनिटं लागली आणि हजेरी पूर्ण भरली. अजून बरंच बाकी आहे. पावसात मैदानाऐवजी कुठे जमायचं, मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं, यावर वाद चालूच आहेत. पण आमची यादी मंडीदीप, सीहोर आणि विदिशातल्या मराठी मैत्रिणींनी मागून नेली आणि आपापल्या शाळेत दाखवली. प्रत्येकीला आपल्याकडचं एकेक कुलूप सापडलंच.

त्यात एक फजिती माझीही. शाळेला एवढे प्रश्न विचारून घरी आले, तर लेकीने विचारलं, "आई, आपल्या घरी असं झालं तर आपण कुठे भेटायचं?" मला उत्तर देता आलं नाही. तिला माझा फोन नंबरही पाठ नव्हता.

आता पाठ आहे. भेटायची जागा सोसायटीच्या फाटकाबाहेरचा कडुनिंब. आणीबाणीत ११२ लावायचा, हे तिला येतं. आत्याने तिला रुमाल ओला करून नाकातोंडावर कसा धरायचा आणि वारा कुठून येतोय ते झाडाच्या फांद्यांवरून कसं पाहायचं, तेही शिकवलंय. दोघी गच्चीवर हा खेळ खेळतात आणि वारा ओळखण्यात आत्या मुद्दाम हरते.

आपल्या समाजातल्या घरांना माझी एवढीच विनंती आहे. या रविवारी जेवताना मुलांना तीन प्रश्न विचारा. शाळेतून बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे? तो उघडा असतो का? आणि आपला हात सुटला, तर आपण कुठे भेटायचं? पहिल्या दोन उत्तरांसाठी शाळेत जावं लागेल. तिसरं त्याच ताटावर ठरवून टाका.