हिरव्या सफरचंदामागचा माणूस

तैलरंग शिकायचे म्हणून रेने माग्रीतचं 'सन ऑफ मॅन' नक्कल करायला घेतलं आहे. १९६४ चं चित्र, मूळ ११६ बाय ८९ सेंटिमीटर. कोट, लाल टाय, गोल हॅट, मागे बुटकी भिंत, समुद्र, ढग आणि तोंडासमोर अधांतरी हिरवं सफरचंद. माग्रीतने हे स्वतःचंच व्यक्तिचित्र म्हणून रंगवलं. शिकणाऱ्याला याहून चांगलं चित्र मला सुचत नाही: कापड, फळ, दगड, पाणी, आभाळ, सगळ्यांचा सराव एकाच कॅनव्हासवर.

*

छापील चित्रावर चौकटी आखल्या, तितक्याच कॅनव्हासवर. मग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा उजेड-सावलीचा पहिला थर. अंबरमधल्या मँगनीजमुळे तेल लवकर वाळतं, म्हणून तो खाली. पातळ खाली, तेलकट वर. हा क्रम उलटला तर खालचा थर ओला असतानाच वरचा वाळून बसतो आणि पुढे तडे जातात.

*

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेत घट्ट होतं. श्रावणात इथे उज्जैनच्या दमट हवेत ते फारच रेंगाळतं. ढगांना हे मानवतं, कडा ओल्यातच मिसळता येतात.

*

त्या माणसाचा डावा हात बघावा. कोपर उलट्या बाजूला वळल्यासारखं आहे. पेन्सिल तिथे पोचली की बोटं आपसूक रेघ 'बरोबर' करायला जातात. सर म्हणाले, "त्याला सुधारू नकोस. आहे तसं काढ." नक्कल करण्यातली खरी मेहनत हीच आहे. हाताला रंग लावायला शिकवणं त्या मानाने सोपं. स्वतःला माहीत असलेलं बाजूला ठेवून समोरचं बघायला शिकणं अवघड. सफरचंदाच्या कडेवरून डोळा किंचित डोकावतो, हेसुद्धा चौकटी आखल्यावरच ध्यानात आलं.

*

विष्णू श्रीधर वाकणकरांच्या गावात नकलेला कमी लेखणं शोभत नाही. भारती कला भवन ही कलाशाळा त्यांनीच इथे काढली. १९५७ मध्ये रेल्वेच्या खिडकीतून भीमबेटकाचे खडक दिसले, ते तिथे गेले, आणि पुढे गुहांतली चित्रं हाताने उतरवून घेत राहिले. एका जनावरावर दुसरं, त्यावर तिसरं, शतकांचे थर. कुठला पाय कुणाचा हे कळत नसेल तर तो तोडून-जोडून नीट करायचा नसतो. दिसतात तेवढ्या रेघा घ्यायच्या. लोक त्यांना पुरातत्त्वज्ञ म्हणतात. मला ते आधी चित्रकार वाटतात, कारण असा संयम चित्रकाराच्या हातातून येतो.

*

मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी तिथले शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ पासून अजिंठ्याच्या नकला करत होते. १८८५ मध्ये लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यातल्या पुष्कळ जळाल्या. पण त्या कामात पेस्तनजी बोमनजी होते, आणि पुढे त्यांनी व्यक्तिचित्रांत नाव मिळवलं. कॅनव्हास गेले, त्यांच्या हातात आलेलं कुठे जाणार?

*

चेहरा झाकणारं चित्र उज्जैनच्या माणसाला फार परकं वाटत नसावं. महाकालाच्या पिंडीवर भांगेच्या शृंगारात रोज नवा चेहरा उमटतो. श्रावणातल्या सवारीत पालखीतून मुखवटा निघतो. इथे चेहरा घडवून दर्शन देतात, माग्रीत आहे तो चेहराच झाकतो. दोन्हीकडे बघणाऱ्याची नजर तिथेच खिळते.

*

माग्रीतने उमेदीत वॉलपेपरच्या कारखान्यात काम केलं होतं. त्याचा रंग सपाट, शांत. फटकाऱ्यांचा दिमाख नाही. हे चित्र जोरकस फटकाऱ्यांत रंगवलं असतं तर सफरचंद अधांतरी राहिलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

*

आता हॅट. काळा ट्यूबमधून घ्यायचा नाही: आयव्हरी ब्लॅक फार हळू वाळतो. बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरीन. उजेडाच्या बाजूला निळा थोडा जास्त.