शिंगांचा रंग आणि ब्रेकचा रंग

पोळ्याला बैलाची शिंगं रंगवताना डोळ्यात थेंब जाऊ नये म्हणून आपण किती जपतो! मोटारीच्या ब्रेकला मात्र मी तेवढं जपलं नाही.

बजाजचा कारखाना १९८५ साली वाळूजला आला. तेव्हापासून छत्रपती संभाजीनगरच्या आसपासची आम्ही माणसं यंत्राला हात घालायला भीत नाही. मीही जुन्या मोटारीचं चाक काढलं आणि गंजलेला कॅलिपर दाराच्या उरलेल्या तैलरंगानं लालभडक केला. ब्रेक दाबला की फिरती तबकडी चिमट्यासारखी धरतो, तोच हा कॅलिपर.

पुढच्याच आठवड्यात कन्नडचा घाट उतरताना चाकातून जळका वास आला. मागं कारभारीण आणि नातू. काळजाचं पाणी झालं. गाडी थांबवून पाहिलं, तर रंगाला फोड आलेले. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो तिथं रंग वाळून तो अडकला होता. पाय काढला तरी ब्रेक सुटत नव्हता.

म्हणून सांगतो, रंगवायचंच तर उष्णता सोसणारा रंग घ्या. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली घोडी लावा. तोंडाला फडकं बांधून तारेच्या ब्रशनं गंज काढा. तबकडी, ब्रेकपॅड, रबर आणि पिना झाका. रंग पुरता वाळू द्या. निघण्याआधी ब्रेक चार वेळा दाबून पाहा.

बैल मान झटकून लगेच सांगतो. गाडी सांगते ती घाटात गेल्यावर!