चोपडीतली कोरी पानं

कोल्हापूरला आम्ही कलापूर म्हणतो. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर या चित्रकारांची नावं मी घरातल्या माणसांसारखी ऐकत वाढले. चित्रं बघून थक्क व्हायचं माझं वय सरलं असं वाटत होतं. लिथुआनियात, विल्नियसच्या नाउगार्दुको रस्त्यावरच्या सॅम्युएल बाक संग्रहालयात पाऊल टाकलं आणि ते वाटणं तिथेच संपलं.

चित्रकार बाक १९३३ साली याच गावात जन्मले. गाव तेव्हा पोलंडमध्ये होतं. १९४१ मध्ये जर्मन आले आणि आठ वर्षांच्या या ज्यू मुलाला आईवडिलांसह घेट्टोत कोंडण्यात आलं. तिथे कागद मिळेना. तेव्हा सुत्झकेव्हर आणि काचेर्गिन्स्की या दोन कवींनी त्याच्या हाती दिली ‘पिंकास’, म्हणजे ज्यू समाजाची जुनी चोपडी. वडीलधाऱ्यांच्या नोंदींच्या मधे जी पानं कोरी राहिली होती, त्यांवर पोरगं चित्रं काढू लागलं. नवव्या वर्षी घेट्टोतल्या प्रदर्शनात त्याची चित्रं लागली. अशा जागी कुणाला प्रदर्शन भरवावंसं वाटलं, याचं मला अजून नवल वाटतं. ती चोपडी पुढे युद्धातून शाबूत राहिली.

पुढे श्रमछावणीत वडिलांनी त्याला पोत्यात घातलं आणि ते पोतं खिडकीतून खाली सोडलं. मुलगा आईसोबत बेनेडिक्टाइन मठात कागदपत्रांच्या गठ्ठ्यांमागे लपून राहिला. गाव जर्मनांच्या ताब्यातून सुटायला थोडेच दिवस उरले होते, तेव्हा वडिलांना गोळ्या घातल्या. दोन्हीकडचे आजी-आजोबा आधीच गावाजवळच्या पोनारच्या रानात मारले गेले होते. मग जर्मनीतली निर्वासितांची छावणी, १९४८ मध्ये इस्रायल, आणि पुढे देशोदेशी भटकंती.

हे सारं चित्रांत सरळ दिसत नाही. दिसते ती नासपती: दगडाची, पत्र्याची, तुकडे पुन्हा सांधलेली. दिसतात मोडकी खेळणी आणि हात वर केलेला मुलगा. वॉर्साच्या घेट्टोतल्या त्या प्रसिद्ध छायाचित्रातल्या मुलाला बाक पुन्हा पुन्हा रंगवतात, कधी लाकडी फळ्यांचा, कधी नुसत्या कपड्यांचा. त्यांचंही वय तेव्हा साधारण तेवढंच होतं. रंगांचा हात मात्र जुन्या इटालियन चित्रकारांसारखा शांत आणि घोटीव. इतक्या नेटक्या हातानं इतकी मोडतोड रंगवलेली मी पाहिली नव्हती. एका चित्रासमोर मी बाकावर बसूनच राहिले.

तिथे मला वळिवडे आठवलं. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरशेजारच्या या गावी, छावणीत, पाचेक हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांतल्या पुष्कळांना सोव्हिएत फौजांनी १९४० पासून पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरियात नेलं होतं. यांचा छळ वेगळा, छळणारे वेगळे, धर्मही बहुतेकांचा कॅथलिक. तरी ज्या देशाच्या पूर्वेकडून बाकना पोत्यात बसून निघावं लागलं, तिथलीच ही मुलं पंचगंगेकाठी कौलारू बराकींत शाळा शिकली. ती गेली आणि त्याच बराकींत फाळणीचे सिंधी निर्वासित आले. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात आणि आम्ही तिथे लग्नाचा बस्ता बांधायला जातो.

कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात या पोलिश लोकांचं स्मारक आहे. लहानपणी त्याच्याजवळ मी अनेकदा खेळले, वर काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही. विल्नियसहून परतले त्याच आठवड्यात गेले आणि सावकाश सगळं वाचलं. हल्ली गांधीनगरला उतरले की दुकानात शिरण्याआधी मान वर करून जुनी कौलं शोधते.