आधीं बोटें, मग पाना

एखाद्याची बुद्धि ठिकाणावर नसली म्हणजे त्याच्या डोक्याचे आटे ढिले झाले आहेत, असें आपण सहज बोलून जातों. हा वाक्प्रचार कोणा कारागिराच्या तोंडून भाषेंत आला असावा, असा माझा तर्क आहे. कारण ज्याचे आटे गेले आहेत असा बोल्ट दिसतो जागच्या जागीं, फिरविला तर फिरतोहि. पण तो धरीत मात्र कांहींच नाहीं. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरच्या मोटारसायकलीच्या पेट्रोलच्या टाकीमुळें मला या शब्दांतील खरी खोंच कळली. ती आपल्या वार्षिकाच्या तरुण वाचकांना, आणि त्यांच्या पालकांनाहि, सांगण्यासारखी वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहें.

आम्ही ऐरोलीस राहतों. एकीकडे ठाण्याची खाडी आणि दुसरीकडे ठाणें-बेलापूर पट्ट्यांतील कारखाने व त्यांमागील पारसिकचे डोंगर, यांच्यामध्यें हें गांव वसलें आहे. खाडीवरच्या खाऱ्या वाऱ्यानें येथील लोखंड लौकर गंजतें. तरी आमच्या तीर्थरूपांनीं आपली जुनी मोटारसायकल इतक्या निगुतीनें ठेविली आहे कीं, पाहुणे तिला नवी समजतात. यंदा आमचे चिरंजीव अठरा वर्षांचे झाले, त्यांना परवाना मिळाला, आणि १९९९ सालीं खुला झालेल्या मुलुंड-ऐरोली पुलावरून कॉलेजांत जाण्यासाठीं त्यांनीं आजोबांपाशीं गाडी मागितली. आजोबा मला एवढेंच म्हणाले, "गाडी खुशाल दे. पण आधीं तूं ती नीट बघ."

बघूं लागलों तों टाकी हाताखालीं हलली. पुढच्या बाजूस तिला रबराच्या दोन गाद्यांचा आधार असतो. मागच्या बाजूस एकच बोल्ट तिला सांगाड्याशीं जखडून ठेवतो. तो बोल्ट धरीनासा झाला म्हणजे प्रत्येक खड्ड्यागणिक टाकी उडते व सांगाड्यावर घासते. आधीं रंग जातो, मग पत्रा झिजूं लागतो. खालची रबरी नळी ओढली जाते, आणि त्या नळीच्या जवळच तापलेलें इंजिन असतें. ज्या टाकीला गुडघे टेकून आपला मुलगा खाडी ओलांडणार, ती टाकी अशी अधांतरीं ठेवून मला झोंप कशी यावी?

बोल्ट बाहेर काढला तेव्हां त्याच्या चरांमध्यें खोबऱ्याच्या किसासारखा धातूचा बारीक कीस अडकलेला दिसला. तो कीस म्हणजे सांगाड्यावरील लोखंडी ठोकळ्याच्या आंतील आटे! माप घेतां उलगडा झाला. ठोकळ्याचें भोंक होतें आठ मिलिमीटर बोल्टाचें, आणि आंत घातलेला बोल्ट होता ५/१६ इंचाचा, म्हणजे सुमारें ७.९४ मिलिमीटर जाडीचा. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाहीं. परंतु आठ मिलिमीटरच्या नेहमींच्या बोल्टावर एका आट्यापासून दुसरा आटा १.२५ मिलिमीटर अंतरावर असतो, तर या इंची बोल्टावर इंचास अठरा आटे, म्हणजे दर आट्यास १.४१ मिलिमीटर. असा बोल्ट पहिला एखाददुसरा फेर गोडीनें आंत जातो आणि मग अडतो. पूर्वीं कोण्या एका दुकानांत तो अडला असतांना कोणीतरी तो बाहेर काढण्याऐवजीं लांब पाना हातीं घेतला असावा. कठीण बोल्टानें मऊ लोखंडाचे आटे कापून काढले, आणि टाकी त्या दिवशीं बसल्यासारखी दिसली.

येथें थोडा इतिहास सांगितला पाहिजे. एके काळीं इंग्लंडांत ज्या त्या कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटांत जात नसे. जोसेफ व्हिटवर्थ या गृहस्थांनीं अनेक कारखान्यांतील बोल्ट जमवून, त्यांची सरासरी काढून, १८४१ सालीं आट्यांचें एक प्रमाण सुचविलें. आट्याचा कोन ५५ अंशांचा, आणि प्रत्येक जाडीस इंचामागें किती आटे हें ठरलेलें. पुढें १८६४ सालीं अमेरिकेंत विल्यम सेलर्स यांनीं ६० अंशांचा कोन पुढें मांडला. दुसऱ्या महायुद्धांत या दोन मापांमुळें दोस्त राष्ट्रांची यंत्रें दुरुस्त करतांना फार अडचण झाली, तेव्हां १९४८ सालीं ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनीं इंची आट्यांचें समान माप मान्य केलें. आपल्या देशानें १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक पद्धति स्वीकारली. तथापि जुन्या दुकानांतील खिळेबोल्टांच्या डब्यांत इंची बोल्ट अद्यापि मेट्रिक बोल्टांच्या शेजारीं पडलेले सांपडतात. आमच्या गाडीची व्यथा अशाच एखाद्या डब्यांत जन्मास आली असावी.

दुरुस्तीसाठीं आम्ही दोघे रबाळ्याकडील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. मीं विचारलें, "दहा मिलिमीटरचा जाड बोल्ट घातला तर?"

मिस्त्री म्हणाले, "घालतां येईल, सर. पण मग टाकीच्या पट्टीचें भोंक मोठें करा, रबर कापा, आंतली नळीहि बदला. एकाच्या चुकीपायीं तिघांना शिक्षा कशाला?"

"आणि वेल्डिंग करून भोंक बुजवून पुन्हां पाडलें तर?"

"पेट्रोलच्या गाडीपाशीं आग नको. तार बसवूं."

ही तार म्हणजे न गंजणाऱ्या पोलादाची मळसूत्री गुंडाळी. आटे गेलेलें भोंक किंचित मोठें करावयाचें, त्यांत तारेच्या मापाचे नवे आटे पाडावयाचे, आणि ही गुंडाळी त्यांत फिरवून बसवावयाची. गुंडाळीच्या आंतल्या अंगास मूळ आठ मिलिमीटरचेच आटे तयार मिळतात. बोल्ट मूळचाच, टाकी मूळचीच. फक्त मधल्या झिजलेल्या जागेंत नवें पोलाद येतें.

पहिलें काम टाकी उतरविण्याचें. पेट्रोलचा कॉक बंद करून नळी सोडविली, तोंडें बुजविलीं, आणि टाकी दूर, उघड्या हवेंत नेऊन ठेविली. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत सांचते. आणि रिकामी म्हणून निर्धास्तपणें हाताळलेली टाकी पुष्कळदां भरलेल्या टाकीहून अधिक धोक्याची, कारण तींत वाफ व हवा यांचें मिश्रण असतें. विजेच्या ड्रिलच्या ठिणगीस एवढें निमित्त पुरतें. हें मिस्त्रींनीं चिरंजीवांना दोनदां बजावलें.

नंतर सुमारें ८.३ मिलिमीटरचें भोंक अगदीं सरळ पाडलें, आणि आटे पाडण्याचा टॅप चिरंजीवांच्या हातीं दिला. तेल घालावें, अर्धा फेर पुढें, पाव फेर मागें, म्हणजे कापलेला कीस तुटून मोकळा होतो. टॅप फार कठीण, पण तितकाच ठिसूळ. जोर करून तो आंत मोडला तर साधें ड्रिल त्याला कापूं शकत नाहीं, आणि मूळच्या दुखण्याहून उपचार भारी पडतो. मुलाचे दात आवळलेले पाहून मिस्त्री हळूच म्हणाले, "बाळा, जोर दंडांत नको. बोटांनीं ऐक."

तो शब्द मला फार आवडला. चार-सहा फेरांनंतर मुलाचे खांदे सैल झाले. टॅप केव्हां जड होतो व केव्हां हलका, हें त्याचीं बोटें खरोखरच ऐकूं लागलीं. मग कीस साफ केला, तार फिरवून पृष्ठभागाच्या किंचित खालीं बसविली, तिचें बुडाचें शेपूट ठोकून तोडलें व तो तुकडा चिमट्यानें उचलून काढला. शेवटीं रबर, आंतली नळी, वायसर आणि आठ मिलिमीटरचा नवा बोल्ट. आंतल्या नळीला बोल्ट टेंकला कीं थांबावयाचें. रबर चेंगरून टाकलें तर टाकीला हादरे सोसण्यास जागाच उरत नाहीं.

आतां चिरंजीव रोज पूल ओलांडतात, आणि महिन्यांतून एकदां टाकीवर हात ठेवून ती हलत नाहीं ना, हें मला न सांगतां पाहतात. आजोबांनीं हें एकदां खिडकींतून पाहिलें व चाव्यांचा दुसरा जुडगा नातवाच्या स्वाधीन केला.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याहि हातीं आज ना उद्यां बोल्ट आणि पाना येईल. सायकलीचा असो, पंख्याचा असो कीं शाळेच्या बांकाचा. तेव्हां बोल्ट भोंकावर ठेवून प्रथम उलटा फिरवा. दोन्हींचे आटे एकमेकांसमोर आले कीं बारीकसा टक् असा धक्का बोटांना लागेल. तेथून सुलटा फिरवा, आणि निदान तीन फेर नुसत्या बोटांनीं आंत जाऊं द्या. मध्येंच अडला तर बाहेर काढून माप पाहा. तीन फेर सुखानें गेला, तरच पान्याला हात लावा.