तीन माणसं, तीन पाकिटं

पैशाचं काही नाही हो, असं मी सगळ्यांना सांगतो. पण ते खोटं आहे. डमडममधल्या एका क्लबच्या खजिनदाराने स्टेजच्या मागे उभं राहून आमची डोकी मोजली आणि मानधन कापलं. ते मला अजून पचलेलं नाही. 'मात्रो तीनजॉन?' त्याने विचारलं. फक्त तिघं? गेल्या वर्षीच्या बँडमध्ये पाच होते. तेव्हा ठरलेल्या रकमेचे पाच भाग, त्यातले तीन तुमचे. झाला हिशोब.

मी मूळचा सांगलीचा. नोकरी कोलकात्यात न्यू टाउनला, भाडं परवडतं म्हणून घर डमडमला. बास वाजवतो आणि गातो. गिटारवाला नागेरबाजारचा, ड्रमर गोराबाजारचा, दोघेही बंगाली. चौथा फारसा मिळाला नाही, मिळाला तो टिकला नाही. दुर्गाविसर्जनानंतर इथे क्लबाक्लबांतून विजया संमिलनी होतात. भेटीगाठी, मिठाई आणि रात्री गाणंबजावणं. त्यातलाच हा एक कार्यक्रम.

तिघांचा रॉक बँड स्टेजवर कुठे उघडा पडतो, हे वाजवणाऱ्याला विचारा. गिटारवाला कॉर्ड सोडून सोलोला वर गेला रे गेला की मधली जागा ओस पडते. बासची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झची, गिटारची 82ची, आणि सोलो चाललेला असतो त्याच्या कितीतरी वर. पाच जणांच्या बँडमध्ये मध्ये दुसरी गिटार किंवा कीबोर्ड ठाण मांडून असतो. आमच्याकडे ती जागा मला राखावी लागते. म्हणून मी बासचा सिग्नल दोन वाटांनी पाठवतो. एक स्वच्छ, डीआय बॉक्समधून थेट मिक्सरला. खालचा दम तिच्यात. दुसरी ओव्हरड्राइव्हमधून, खालचे स्वर छाटून, अँपला. सोलो सुरू झाला की पायाने दुसरी वाट उघडायची आणि सुट्या स्वरांऐवजी षड्ज-पंचम एकत्र धरायचे. गंधार टाळायचा, ओव्हरड्राइव्हमध्ये तो घातला की सगळं गढूळ होतं. ड्रमर त्याच क्षणी हाय-हॅट सोडून राइडवर जातो. त्या झांजेचा आवाज लांबतो आणि वरची बाजू भरते. एरवी गिटारवाला जमेल तिथे एक उघडी तार वाजती ठेवतो. एवढं करूनही ज्याला ऐकायचं नाही त्याला तिघंच दिसतात.

यातलं काहीही आमचं संशोधन नाही. 1966 साली लंडनमध्ये क्रीम आणि जिमी हेंड्रिक्स एक्सपिरियन्स हे दोन्ही बँड उभे राहिले ते तिघातिघांचे. कॅनडाच्या रश या तिघांच्याच बँडमधला गेडी ली बास वाजवायचा, गायचा आणि वर पायाने सिंथेसायझरचे पेडल दाबायचा. पण इतक्या लांब कशाला जायचं? बालगंधर्वांच्या मागे थिरकवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि ऑर्गन असायचा. ऑर्गन स्वर धरून बसायचा, सारंगी गळ्याचा माग काढायची, तबला दोघांना जमिनीवर ठेवायचा. कोणी काय धरायचं ते पक्कं असलं की माणसं कमी पडत नाहीत. आणि हे मी कुठे बसून सांगतोय, तर डमडममध्ये! ग्रामोफोन कंपनीने 1928 मध्ये आपला कारखाना इथे जेसोर रोडवर आणला. आजोबांच्या 78 गतीच्या तबकड्यांवर बारीक अक्षरांत डमडम छापलेलं असायचं. त्यांतल्या कितीतरी गाण्यांना साथ एक पेटी नि एक तबला. वादक दोनच दिसतात म्हणून आजोबांनी दुकानदाराकडे पैसे परत मागितल्याचं ऐकिवात नाही.

आवाज चढवून मोठं होण्याची सोयही इथे नाही. ध्वनिक्षेपकांवर कोलकाता उच्च न्यायालयाने 1996 मध्येच लगाम घातला, आणि 2000च्या नियमांमुळे रात्री दहानंतर असे कार्यक्रम बंद. म्हणजे जे करायचं ते मांडणीतूनच. ध्वनिचाचणीच्या वेळी आम्ही गिटार दोन अँपना जोडली होती, दुसऱ्याला 12 मिलिसेकंद उशिरा. दोन बाजूंनी ऐकलं की एकच गिटार रुंद वाटते. माइकवाल्याने शांतपणे दोन्ही चॅनल एकत्र करून दोन्हीकडच्या बॉक्सना तेच पाठवलं. इतक्या कमी अंतराने तोच आवाज स्वतःवर पडला की ठरावीक अंतरावरच्या कंपनसंख्या एकमेकींना खाऊन टाकतात. 125 गेला, 208 गेला, आणि गिटार पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी पोकळ. माइकवाल्याचं म्हणणं, उजव्या कडेला बसलेल्याला डावा बॉक्स थोडाच ऐकू येतो? बरोबरच होतं त्याचं. एक अँप बंद केला.

वाजलं मात्र छान. एका गाण्यात कडवं नुसत्या बासवर गायलो, गिटार गप्प, ड्रमरच्या हातात फक्त काठ्यांची टिकटिक. आणि धृपदाला तिघं एकदम पडलो तेव्हा मागच्या खुर्च्यांवरची पोरं उभी राहिली. कडवं इतकं बारीक नसतं तर तेच धृपद कोणाला मोठं वाटलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या आधी एक गृहस्थ गाऊन गेले होते. एकटे. सोबत लॅपटॉप. त्यात बासऱ्या, व्हायोलिनांचा ताफा, ढोलक, कोरस, सगळं आधीच भरलेलं. त्यांनी बटण दाबलं आणि गायले. त्यांना पूर्ण पैसे! माझ्यासमोर पाकीट दिलं, नमस्कार करून. मग आमची पाळी आली आणि डोकी मोजणं सुरू. मी खजिनदाराला म्हणालो, दादा, डोक्याचाच हिशोब असेल तर त्यांना एक भाग द्यायला हवा होता. तो माझ्याकडे दया आल्यासारखा बघत म्हणाला, 'उनि तो आर्टिस्ट!' ते तर कलाकार. म्हणजे आम्ही कोण? मंडप बांधणारे? त्यांना तरी कबूल केलेला रोज मिळाला असेल. रक्कम फोनवर बँडची ठरली होती, माणशी नव्हे. हे मी बंगालीत, हिंदीत आणि शेवटी संतापून मराठीतही सांगितलं. सेक्रेटरी आले, ऐकून घेतलं, मान डोलावली आणि खजिनदाराच्याच कागदावर सही केली. वर बिर्याणीची पाकिटं दिली, तीही मोजून तीन. अँप उचलायला आलेल्या ड्रमरच्या भावाला पाकीट नाही, कारण यादीत तो नाही. त्याने माझ्या पाकिटातला बटाटा खाल्ला. कोलकात्याच्या बिर्याणीत दुसऱ्याला देता येण्यासारखा तोच.

तेव्हापासून लॅपटॉपवर माझा राग आहे. क्लिक कानात घालून ट्रॅकच्या मागे धावणं म्हणजे वाजवणं नव्हे. प्रेक्षक नाचायला लागले म्हणून एखादं धृपद आणखी दोनदा घ्यावं, तर लॅपटॉप आपल्या वेळेला संपतो. पण खरं सांगायचं तर, त्या गृहस्थांच्या गाण्यात व्हायोलिनांचा ताफा शिरला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. इतकं भरलेलं आम्ही कधीच वाजणार नाही. मग तिघंच असणं ही निवड, की कोणी टिकलं नाही म्हणून आलेली वेळ? रिहर्सलनंतर यावर आमचं भांडण होतं आणि दर वेळी माझी बाजू बदलते.

तिघांचे बँड चालवणाऱ्या पोरांना एवढंच सांगेन, रवींद्र सरणीच्या दुकानांतून तिसरं पेडल घेण्याआधी रक्कम लिहून घ्या, आणि बँडची लिहून घ्या. मिक्सर मोनो आहे का ते विचारा. सोलो छोटे ठेवा.

त्याच क्लबचा यंदा परत फोन आला. पाच जण आणा, पूर्ण देतो. ड्रमर म्हणतो, भाऊ आणि मेव्हणा, दोघांच्या हातात खंजिरी देऊन मागे उभे करू, झाले पाच. मी साफ नाही म्हणालो, अशी फसवणूक आपण करायची नाही. मग त्याने रक्कम सांगितली. मी विचारलं, मेव्हणा तालात आहे ना?